महाराज खटल्यातील एक साक्षीदार



वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’मध्ये २१ ऑक्टोबर १८६० रोजी लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर व मुद्रकावर पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षीदार मिळू नयेत म्हणून भाटिया ज्ञातीतील पुढाऱ्यांनी कट केला. त्यांना १८६१ मध्ये दंड झाला. ज्ञातिबहिष्काराचे भय आज कल्पनेतही येणार नाही!

अशा वेळी मांद्र्याचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी साक्षीस उभे राहिले. काही महाराजांवर आपण उपदंशाचे उपचार केल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. वैद्याने रुग्णाचे गुपित फोडावे काय? हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. तथापि, डॉक्टर गप्प राहते तर पीडित स्त्रियांच्या बाजूने बोलणारे कितीसे उरले असते? मी भाऊंच्याच बाजूचा आहे. पण निःशंकपणे नव्हे.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातील आरोप सिद्ध झाले आणि करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले.

याच खटल्यावरील ‘महाराज’ चित्रपटास गुजरात उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये प्रथम स्थगिती दिली, आणि स्वतः चित्रपट पाहून ती उठवली.