कायदा अपुरा कीं माणसें अपुरीं?

रस्त्यावरची चळवळ हाताबाहेर गेली म्हणजे ‘सरकार झोपलें आहे काय?’ असें लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु जागें झालेल्या सरकारनें हातीं काय घ्यावें, रोजचा कायदा कीं आणीबाणीचे अधिकार, हा प्रश्न त्याहूनहि महत्त्वाचा आहे.

कॅनडांत १९७० सालीं दोन राजकीय अपहरणांवरून युद्धकालीन कायदा पुकारला गेला आणि जवळजवळ ५०० माणसें वॉरंटावांचून पकडण्यांत आलीं. त्या अनुभवानंतर, १९८८ सालीं, तेथील पार्लमेंटनें नवा आणीबाणी कायदा केला. देशांतील दुसऱ्या कोणत्याहि कायद्यानें संकटाचें निवारण होत नसेल तरच तो वापरावा, आणि वापरल्यावर चौकशी झालीच पाहिजे, अशी त्यांत अट आहे.

ही अट २०२२ सालीं कसोटीस लागली. लशीच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या मालमोटारींनीं जानेवारीअखेर ओटावा राजधानींत तळ ठोकला. भोंग्यांच्या आवाजानें रहिवाशांची झोप उडाली. पोलिसांना त्यांना हलवितां येईना. अखेर १४ फेब्रुवारीस पंतप्रधान ट्रूडो यांनीं आणीबाणी पुकारली. सुमारें २८० बँकखातीं कोर्टाच्या हुकमावांचून गोठविलीं गेलीं. त्याच आठवड्यांत रस्ते मोकळे झाले, आणि २३ तारखेस घोषणा मागें घेण्यांत आली.

परंतु घोषणेच्या आदल्याच दिवशीं विंडसर येथील अमेरिकेकडे जाणारा अँबेसेडर पूल मोकळा झाला होता! तेथें कोर्टाचा मनाईहुकूम होता, प्रांतिक सरकारचे अधिकार होते, आणि मुख्य म्हणजे पुरेसे पोलीस होते.

चौकशी आयोगाचे न्यायमूर्ति रूलो यांनीं २०२३ सालीं, कांहींशा नाखुषीनेंच, कायद्याची अट पुरी झाली होती असा निर्णय दिला. पण पोलिसांच्या अपयशावरहि बोट ठेवलें. फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ति मोझली यांनीं २०२४ सालीं तीच घोषणा गैरवाजवी ठरविली.

विद्वान न्यायाधीशांचा जेथें मतभेद, तेथें सामान्य नागरिकानें एकच प्रश्न विचारावा: अपुरा पडला तो कायदा, कीं माणसें? कायदाच तोकडा असेल, तर राखीव अधिकार जरूर उचलावा. पण पोलीस थोडे असतील किंवा त्यांची योजना फसली असेल, तर त्याची भरपाई नागरिकाच्या हक्कांतून करूं नये. झोप उडालेल्या रहिवाशाला हवा होता तो वेळेवर येणारा पोलीस. दुसऱ्याचें गोठविलेलें खातें नव्हे.