पत्र्याखालचं नाटक



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडे आणि आलेख हे माझं रोजचं काम. पण तापमानवाढीचा आलेख कितीही नीट काढला, तरी पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला त्यातून आपलं काही सापडत नाही. ते काम कला करू शकते, असं मला वाटतं.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला जागतिक हवामान परिषद भरली होती. तेव्हा कलावंत ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी ग्रीनलंडच्या समुद्रातून बर्फाचे १२ मोठे तुकडे आणले आणि एका चौकात घड्याळासारखे गोल मांडले. लोक बर्फाला हात लावत होते. तिकडे परिषदेत चर्चा चालू होती, इकडे बर्फ वितळत होता.

आपल्याला ग्रीनलंडचा बर्फ आणायची गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यातला पत्रा आहे. मालेगाव-भिवंडीत त्याच्याखाली यंत्रमाग चालतात, बायका स्वयंपाक करतात, मुलं अभ्यास करतात. उन्हाची झळ सगळ्यात जास्त यांना, आणि हवामानाच्या चर्चेत यांचाच आवाज नाही.

कला आपल्याला परकी नाही. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगारांचे प्रश्न डफ-तुणतुण्यावर गावोगाव नेले. पुढे मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. तिथल्या या सिनेमावाल्यांनी बैलगाडीची क्रेन केली, सायकलवर कॅमेरा फिरवला. साधनं नाहीत, ही सबब त्यांनी शिल्लक ठेवलेली नाही.

म्हणून एक सुचवतो. उन्हाळ्याच्या तोंडावर एक गल्ली निवडा. शेजारशेजारच्या दोन पत्र्यांपैकी एकावर पांढरा चुना मारा. दोन्हीखाली तापमापक टांगा. मग त्याच गल्लीत दहा मिनिटांचं पथनाट्य करा. संवाद आपण लिहायचे नाहीत. खाला, आपा, मागावरचे चाचा जसं बोलतात, तसेच घ्यायचे. रात्री झोप कशी लागत नाही, पाणी कधी येतं, दुपारी चक्कर कुणाला आली, हे त्यांनाच सांगू द्या. शेवटी दोन्ही तापमापक सगळ्यांसमोर वाचा. आकडा तेव्हा लोकांचा होईल.

पण टाळ्यांवर थांबू नका. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गेल्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं गेलं. आपल्या नगरसेवकाला नाटक बघायला पुढच्या रांगेत बसवा आणि खेळ संपला की गल्लीच्या सह्यांचा अर्ज त्याच्या हातात द्या. मागणी एकच ठेवा : आमची छपरं पांढरी करा.

चुन्याची एक गोणी, दोन तापमापक आणि बोलायला तयार असलेली माणसं. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.