कोरी नोंदवही

(वृद्धनिवासाविषयी वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या कामाचा तपशील या अहवालात अन्यत्र आलेलाच आहे. आज आम्ही आवारातील वृद्धनिवासाविषयी, आणि त्यातही तेथील एका नोंदवहीविषयी बोलणार आहोत.

निवासातील कोणी पडल्यास त्याची नोंद करावयाची वही आमच्याकडे पहिल्यापासून आहे. मागील सभेत आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले होते की, कित्येक महिन्यांत त्या वहीत एकही नोंद झालेली नाही. टाळ्याही झाल्या होत्या. वास्तविक त्याच वेळी आम्हांस शंका यावयास हवी होती. ६५ वर्षांवरील सुमारे २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या अहवालात नमूद केले आहे. दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत तर हे प्रमाण याहूनही अधिक असते. तेव्हा आमच्याकडे कोणी पडतच नव्हते असे नव्हे, कोणी लिहीत नव्हते.

हे उघड झाले ते पावसाळ्यातील एका पहाटे. एक आजी शौचालयाच्या वाटेवर पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. चौकशीत कळले की, त्या यापूर्वीही दोनदा पडल्या होत्या. दोन्ही वेळा रात्रपाळीच्या मावशींनी त्यांना उचलून पलंगावर निजवले व कोणास काही सांगितले नाही. कारण विचारता मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, मागच्या साली एकीचा पगार कापला होता ना." ती कपात आमच्याच कार्यालयाने केली होती. कागदावर कारण 'निष्काळजीपणा' असे होते. त्या रात्री २४ जणांसाठी ती एकटीच कामावर होती, हे मात्र कागदावर कोठेही नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो. दुसऱ्यांदा पडल्यानंतर या आजींना रात्री मऊ ओढणीने पलंगाच्या कठड्याशी बांधले जात असे. शेवटच्या पहाटे त्या गाठ सोडवून, कठडा ओलांडूनच उठल्या होत्या. मावशींचा हेतू वाईट नव्हता. "काहीही करा, पण आईला पडू देऊ नका," असे नातेवाईकही वारंवार बजावत. परंतु बांधलेला माणूस सुटण्याची धडपड करतो आणि कठड्यावरून पडला, तर अधिक उंचीवरून पडतो. बांधून ठेवल्याने पायांतील बळ जाते, शय्याव्रण होतात, आणि ज्याला बांधले त्याच्या मनाचे काय होते हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधील वृद्धांना शिक्षा म्हणून वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवण्यास, तसेच औषधांनी गुंगीत ठेवण्यास मनाई केली. आमच्या निवासात असा नियम लिहिलेलाच नव्हता. तो आता लिहिला आहे.

औषधांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आजींचा औषधांचा कागद पाहिला, तेव्हा लघवी वाढविणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर व तिच्या जोडीला झोपेची गोळी, असा क्रम आढळला. एका गोळीने आम्ही त्यांना मध्यरात्री उठवीत होतो आणि दुसरीने त्यांचा तोल घालवीत होतो. कागद आमच्याच बाह्यरुग्ण विभागाचा होता. सर्व औषधे एकाच फेरीत देणे सोयीचे, एवढेच त्यामागचे कारण! पहिली गोळी आता सकाळी दिली जाते; दुसरी वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करीत बंद केली. निवासातील प्रत्येकाची औषधे दर तीन महिन्यांनी तपासली जातात. रक्तदाब निजलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजला जातो. वरचा आकडा २० किंवा अधिक अंकांनी घसरल्यास डॉक्टरांना कळविले जाते. रात्रदिवे, शौचालयातील धरावयाचे दांडे, खाली केलेले पलंग हीही कामे झाली. ती तुलनेने सोपी होती.

अवघड होते ते मावशींचा विश्वास मिळविणे. कापलेला पगार परत केला. कोणी पडल्यास त्याची नोंद करणाऱ्यास जाब विचारला जाणार नाही, असे लेखी कळविले. तरीही पहिले काही आठवडे वही कोरीच राहिली. मग एकीने लिहिले, दुसरीने लिहिले, आणि यंदा बरीच पाने भरली आहेत. ही पाने अहवालात छापू नयेत, देणगीदारांचा गैरसमज होईल, अशी सूचना काही स्नेह्यांनी केली होती. तिचा आदर राखूनही आम्ही सारांश छापला आहे. बहुतेक नोंदी पहाटेच्या आणि वरच्या मजल्यावरच्या आहेत, हे तो वाचताच ध्यानात येईल.

आजी शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन व्हरांड्यापर्यंत येतात. मावशींनी हात पुढे केला, तर तो बाजूला सारतात.

खालच्या मजल्यावर रात्री आता दोन मावशी असतात. वरच्या मजल्यावर अजूनही एकच असते. त्या पदाच्या वेतनाची तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मांडली असून, सभेने तीस मंजुरी द्यावी, अशी आमची विनंती आहे.