क्षयाचा उपचार आणि छायाचित्राची साक्ष
(व्याख्यानाचा संक्षेप)



क्षयावरील औषध रुग्णास लागू पडत आहे की नाही, हे कसे ओळखावयाचे? ताप उतरतो, वजन वाढते. परंतु ही लक्षणे फसवी ठरू शकतात. म्हणूनच रंटगेन यांना १८९५ साली गवसलेल्या क्ष-किरणांस वैद्यकाने साक्षीस बोलाविले.

या साक्षीची खरी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. १९४७ साली तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन्ही फुफ्फुसांत झपाट्याने पसरणाऱ्या क्षयाचे १०७ तरुण रुग्ण घेतले. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसीन दिले; ५२ जणांना, तत्कालीन रीतीप्रमाणे, केवळ अंथरुणावरील विश्रांती. औषध सर्वांना पुरण्याइतके नव्हतेच. कोणास काय मिळाले हे ठाऊक नसलेल्या तिघा तज्ज्ञांनी छायाचित्रे तपासली. (मालाची पारख धन्याचे नाव झाकूनच व्हावी, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको!) सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्या २८ जणांच्या चित्रांत मोठी सुधारणा आढळली, विश्रांती घेणाऱ्यांत अवघ्या ४ जणांच्या. मृत्यू अनुक्रमे ४ व १४.

परंतु पाच वर्षांनी हिशेब पाहिला, तेव्हा औषध घेतलेल्यांपैकीही ३२ जण दगावले होते. दुसऱ्या गटातील ३५. एकट्या औषधास जंतू दाद देईनासे झाले होते. छायाचित्र खोटे बोलले नव्हते. त्यात जंतू दिसत नाहीत, त्यांनी केलेली हानी तेवढी दिसते. तेव्हापासून एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रूढ झाली, आणि जंतू उरले की नाहीत याचा निवाडा थुंकीच्या तपासणीकडे गेला.

उलट प्रकारही घडतो. रोग बरा होतो, तरी फुफ्फुसावरील व्रण चित्रात आयुष्यभर राहू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषधक्रम पुरा करून पुढेही निरोगी राहिलेल्या कित्येकांच्या फुफ्फुसांत पेट-सीटी चित्रणाने दाहाच्या खुणा दाखविल्या.

तेव्हा एकट्या चित्रावरून घाबरून जाणे जितके व्यर्थ, तितकेच डाग पुसट झाला म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडून देणे घातक. जुना तागा शेजारी उलगडल्यावाचून नव्याचा रंग नेमका कळत नाही. म्हणून डॉक्टर पहिली फिल्म मागतात, आणि नेमकी तीच घरोघरी रद्दीत गेलेली असते.