टोपी न घातलेली मुले



याच सभागृहात, याच सतरंजीवर बसून, पाहुण्यांचे भाषण कधी संपेल याची मी सहा दशकांपूर्वी वाट पाहत असे. त्यामुळे समोरच्या पहिल्या चार रांगांच्या मनात या क्षणी काय चालले असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मय किंवा नवकाव्य असा काही विषय संयोजकांना अपेक्षित असावा. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी लढणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्यांवर बोलेन, असे मी कळवले, तेव्हा चिटणीसांचा दूरध्वनी आला. विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना, अशी त्यांनी अत्यंत विनयाने पृच्छा केली. चूक झाली नव्हती.

जॉन ख्रिस्तोफर हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव सॅम्युअल यूड. जन्म १९२२चा, मृत्यू २०१२चा. त्यांनी कुमारवयीन वाचकांसाठी तीन कादंबऱ्या लिहिल्या : 'द व्हाइट माउंटन्स' आणि 'द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड' या १९६७ साली आणि 'द पूल ऑफ फायर' १९६८ साली प्रसिद्ध झाली. तीन पायांची प्रचंड यंत्रे पृथ्वीवर फिरत आहेत, ही कल्पना वाचताच एच. जी. वेल्स यांच्या १८९८च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची आठवण होते. परंतु वेल्स यांच्या कादंबरीत आक्रमण वाचकाच्या डोळ्यांसमोर घडते आणि मंगळवासी अखेर जंतूंना बळी पडतात. ख्रिस्तोफर यांची कथा सुरू होते तेव्हा आक्रमण होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि आक्रमक जिंकले आहेत. एवढेच नव्हे, तर आपण हरलो आहोत हे माणसे विसरून गेली आहेत.

हे कसे साधते? मूल चौदा वर्षांचे झाले की ते त्रिपाद यंत्र त्याला आपल्या पोटात उचलून घेते आणि डोक्यावर धातूची जाळीदार टोपी बसवून परत करते. ती टोपी कवटीशी एकजीव होते. पुन्हा निघत नाही. गावात त्या दिवशी मेजवानी असते, नातलग जमतात, आई कृतार्थ होते. आपल्याकडील मुंजीची आठवण यावी असा तो सोहळा! मराठीत 'टोपी घालणे' याचा अर्थ काय होतो हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. इंग्रज लेखकाला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आमच्या भाषेने त्याच्या कल्पनेला एक जादा अर्थ बहाल केला आहे. (व्यासपीठामागच्या भिंतीवर शाळेचे जुने छायाचित्र लावले आहे. त्यात एकूण एक मुलगा टोपी घालून बसला आहे. ते पाहून आज मला हसू आले, इतकेच.)

कथेचा निवेदक तेरा वर्षांचा विल. त्याचा थोरला चुलतभाऊ जॅक हा त्याचा एकमेव जिवलग. कल्पक, शंकेखोर, त्रिपादांविषयी मोठ्याने प्रश्न विचारणारा. टोपी बसते आणि जॅक बदलतो. मित्रहो, कौशल्य येथे आहे. तो दुष्ट होत नाही. तो कष्टाळू होतो, नम्र होतो, वडीलधाऱ्यांचे ऐकू लागतो. कोणत्याही पालकसभेत ज्याचे कौतुक व्हावे असा मुलगा! फक्त तो प्रश्न विचारीत नाही. टोपी घातलेल्यांच्या त्या जगात युद्ध नाही, उपासमार नाही, माणसे एकमेकांशी प्रेमाने वागतात. मग यात वाईट ते काय, हा प्रश्न लेखक कुमारवाचकापुढे ठेवतो आणि त्याचे उत्तर द्यायची घाई करीत नाही.

तेव्हा विल घरातून पळतो. त्याच्यासोबत हेन्री नावाचा, त्याला मुळीच न आवडणारा दुसरा चुलतभाऊ आणि वाटेत फ्रान्समध्ये भेटलेला जाँ-पॉल. या जाँ-पॉलने स्वतःचा चष्मा स्वतः बनवला आहे आणि पुस्तके वाचून इंग्रजी शिकून घेतली आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आपल्या मुलांना हा चष्मेवाला जवळचा वाटेल. दूर हिमाच्छादित आल्प्समध्ये टोपी नसलेली काही माणसे लपून राहतात. तेथे पोहोचायचे आहे.

वाटेत विल आजारी पडतो आणि एका गढीत त्याची शुश्रूषा होते. तेथील सरदाराची कन्या एलोईज त्याला आपली भाषा शिकवते. सरदार दांपत्य त्याला मुलासारखे ठेवून घ्यायला तयार आहे. एके दिवशी तो थट्टेने तिच्या डोक्यावरचे वस्त्र ओढतो, आणि खाली जाळी दिसते. तिला टोपी बसून गेली आहे! एवढी सुंदर, एवढी मायाळू मुलगी! आणि तरीही विल लगेच निघत नाही. टोपी घालून येथेच सुखाने राहावे, असे त्याला वाटू लागते. नायकाला असा मोह होऊ देण्याचे धैर्य बालसाहित्यात मी क्वचितच पाहिले आहे. पुढे स्पर्धामहोत्सवाची राणी म्हणून तिची निवड होते, म्हणजे ती त्रिपादांच्या नगरात सेवेसाठी जाणार. ही वार्ता ती त्याला आनंदाने सांगते. तिच्या त्या आनंदाचेच विलला भय वाटते आणि तो पहाटे गढी सोडतो. दुसऱ्या खंडात, नगरात गुलाम म्हणून शिरलेल्या विलला ती पुन्हा दिसते; संग्रहालयात जपून मांडलेली, निष्प्राण. सौंदर्याचे नमुने गोळा करण्याची धन्यांना हौस असते.

आता थोडे माझ्याविषयी.

आम्ही आठवीत असताना गुरुजींनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध लिहायला सांगितला होता. मार्गदर्शकातली अलंकारिक वाक्ये जुळवून मी तो सजवला. वहीवर शेरा आला : 'उत्तम. पण यात तू कुठे आहेस?' गुण दिले नव्हते. तीन वेळा लिहिल्यावर गुण मिळाले, दहापैकी चार. ते चार मला आजही अभिमानाचे वाटतात.

अशा गुरूचा शिष्य पुढे काय करतो ते ऐका. प्राध्यापक झाल्यावर मी अनेक वर्षे टिपणे सांगितली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत माझीच वाक्ये मला परत भेटत आणि मी प्रसन्न होऊन गुण देत असे. १९८८च्या सुमारास एक विद्यार्थिनी आली. तिला मराठी विज्ञानकथेवर संशोधन करायचे होते. डोळ्यांत जॅकची शंका असलेली मुलगी. ते साहित्य नव्हे, असे मी तिला सांगितले आणि पंडिती काव्यातला एक सुरक्षित विषय दिला. तिने प्रबंध वेळेत, नीटनेटका पूर्ण केला. त्यात ती कुठेच नव्हती. हे मला तेव्हाही दिसले होते, आणि तरीही मी स्वाक्षरी केली.

जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. पारितोषिक नावाला नव्हे, कथेला मिळावे अशी त्यांची इच्छा होती. मी मात्र प्रकाराचे नाव पाहूनच निकाल दिला होता. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा वृत्तपत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. त्यानंतरच ही तीन पुस्तके नातवाच्या कपाटातून काढून वाचली.

तिसऱ्या खंडात विजय मिळतो, पण मोठी किंमत देऊन. हेन्री, तो न आवडणारा भाऊ, शेवटच्या नगराच्या घुमटावर बॉम्बसह उडी घेऊन प्राण देतो. आणि मुक्त झालेली माणसे पहिल्याच परिषदेत राष्ट्राराष्ट्रांत भांडू लागतात. टोपी होती तेव्हा शांतता होती. ती निघताच कलह परतला. लेखक हे लपवत नाही. विल आणि त्याचे मित्र आपापले बेत बाजूला ठेवून त्या भांडणाऱ्या माणसांमध्ये काम करायला निघतात, येथे कथा थांबते.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता मी मिळवला आणि गेल्या महिन्यात तिला पत्र लिहिले. अद्याप उत्तर आलेले नाही. ते द्यायलाच हवे असेही नाही.

तिन्ही पुस्तके मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुख्याध्यापकांना एकच अट घातली आहे : ती वाचणाऱ्या कोणाही मुलाकडून सारांश लिहून घेऊ नये.