उशीवर कान टेकला की

आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘हृदयविकार आणि आपण’. तो जरा अरुंद करून घेण्याची परवानगी मी मागितली. माझ्याकडे येणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की ज्यांना हृदयविकार नाही, पण त्याच्या धास्तीने झोप मात्र उडालेली आहे. सगळ्यांची तक्रार जवळजवळ एकच. दिवसभर काही नसतं. रात्री दिवा मालवून आडवं झालं की छातीत धडधडतं, मध्येच एक ठोका चुकतो आणि पाठोपाठ आतून दणका बसतो. डाव्या कुशीवर तर पडवतच नाही.

प्रत्यक्षात ठोका चुकलेला नसतो, तो आधीच येऊन गेलेला असतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याची वेळ ठरवणारा पेशींचा एक पुंजका आहे. कधीकधी दुसरीकडचीच एखादी पेशी त्याच्याआधी इशारा देते. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका पोकळ पडतो आणि मनगटाला लागतही नाही. मग थोडी विश्रांती. तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त जमतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. आपण घाबरतो ते बहुधा या दणक्याला, म्हणजे मूळच्या नियमित ठोक्यालाच.

रात्रीच का? एक तर विश्रांतीत हृदयाची गती मंदावते, दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं आणि त्या आगाऊ पेशीला मध्ये शिरायला जागा मिळते. डाव्या कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीलगत येतं. उशीवर टेकलेल्या कानाला स्वतःची नाडी ऐकू येते. दिवसा हे सगळं रहदारीत, कुकरच्या शिट्ट्यांत बुडून जातं. त्यात नऊनंतरचं जेवण, आंबट ढेकर, संध्याकाळचा तिसरा चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. शिवाय तंबाखू आणि मिश्री. मिश्रीला आपण व्यसनात धरतच नाही! दारू, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, मे महिन्यात घामाने आटलेलं पाणी, हीही कारणं असतात. आणि भीती. दणका बसला की अ‍ॅड्रेनालीन वाढतं, त्याने गती वाढते, गती वाढली की भीती आणखी वाढते.

दिवसाला हृदय सुमारे एक लाख ठोके देतं. चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राचा पहिला अवतार नॉर्मन होल्टर यांनी अमेरिकेत मोंटाना राज्यात बनवला, तेव्हा सुमारे ३८ किलोचं ओझं पाठीवर घ्यावं लागे. आज ते गळ्यात अडकवता येतं, आणि ठणठणीत माणसाला लावलं तरी बहुधा त्यात काही आगाऊ ठोके सापडतात. हजारो ठोके असूनही पत्ता नसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दहा ठोक्यांनी झोप गमावलेलीही.

मग गोळी देऊन हे आगाऊ ठोके बंद का करत नाही? हे करून पाहिलेलं आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे जास्तीचे ठोके दाबले तर मृत्यू टळतील, या अपेक्षेने अमेरिकेत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं देऊन मोठा अभ्यास झाला. ठोके कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. १९८९ साली ती औषधं थांबवावी लागली. तेव्हापासून डॉक्टर मंडळी कागदावरचे ठोके पुसण्याच्या फंदात सहसा पडत नाहीत.

पण ‘काही नाही, गॅस आहे’ असं तपासणीआधीच सांगणंही मला पटत नाही, आणि बायकांना ते फार ऐकावं लागतं. एक ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातलं पोटॅशियम एवढं पाहावंच. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईची धडधड रक्तक्षयाची असू शकते. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, जिना चढताना ती सुरू झाली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर होमिओपॅथी-काढा न करता हृदयतज्ज्ञाकडे जा. छातीतलं दुखणं थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. नाडी सतत वेडीवाकडी लागत असेल तर तो वेगळाच आजार असू शकतो. होल्टरमध्ये एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ ठोके निघाले, तर हृदय थकू शकतं, म्हणून तेही डॉक्टरांच्या नजरेखाली हवं.

तपासणीत यातलं काही निघालं नसेल, तर रात्री उजव्या कुशीवर वळा. उठून बसा, घोटभर पाणी प्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. नाडी एकदा मिनिटभर मोजा आणि मनगट सोडून द्या. धडधड कशी होते ते डॉक्टरांना शब्दांत सांगता येत नसेल तर टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. त्या तालावरून आम्हाला पुष्कळ कळतं.

प्रश्नांसाठी वेळ राखलेला आहे. मनगटावरच्या घड्याळातले आलेख मात्र कृपया व्यासपीठावर आणू नका.