दिवेलागणीची छायाचित्रे



मुलांची छायाचित्रे या विषयावर युनियनच्या माणसाने काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. हौसेचे छायाचित्रकार आम्ही नव्हे. ऊसतोड टोळ्यांच्या तळावर नोंदणी करता करता हा उद्योग गळ्यात पडला, आणि तो संध्याकाळचाच उद्योग आहे. दिवसा कोपीत असते कोण? आईबाप पहाटेपासून फडात, थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन मागोमाग. सारे कुटुंब एके ठिकाणी सापडते ते दिवेलागणीला; आणि आईबापांस विचारल्याविना पोराचे चित्र घ्यायचे नाही, हा आमचा पहिला नियम.

प्रकाशही त्याच वेळी अनुकूल असतो. माथ्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख पाडते. सूर्य खाली आला की किरणांस हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, निळा अंश वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबूस तेवढा पोचतो. तरीही मुलाला सूर्याकडे तोंड करून उभे करू नये. ते डोळे मिचकावते. ऊन बाजूने घ्यावे, किंवा मुलाच्या पाठीशी ठेवून प्रकाशाचे माप चेहऱ्यावरून घ्यावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकले की हे साधते. मागचे आभाळ पांढरे पडले तर पडू द्यावे. पळत्या पोराला शटर सेकंदाच्या १/२५० हून मंद नको. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे वीस-बावीस मिनिटेच संधिप्रकाश राहतो, पण त्यात सावल्या नसतात आणि चेहरा स्वच्छ उमटतो. आणि आपण गुडघे टेकून बसावे. वरून टिपलेले मूल उगाच केविलवाणे दिसते, आणि केविलवाण्या चित्रांचा आम्हांस मनस्वी कंटाळा आहे. देणग्या त्यांवर मिळत असतील, हक्क मिळत नाहीत.

हे ज्याने आमच्याआधी जाणले तो अमेरिकेतला लुईस हाइन. मूळचा शिक्षक. १९०८ पासून त्याने राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी, शेते पालथी घातली. आत प्रवेश मिळेना तर कधी बायबल विकणारा बनून जाई; तेही जमले नाही तर पाळी सुटताना दरवाजाबाहेर उभा राही. आपल्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे त्यास ठाऊक असे. त्यावरून तो पोराची उंची ताडी, आणि नाव, वय, कामाचे तास टिपून ठेवी. १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला. १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. हाइन १९४० साली दारिद्र्यात वारला.

आमच्याकडेही भांडण टिपणाचेच आहे. एका कारखान्याचे साहेब आम्हांस म्हणाले, 'आमच्याकडे नोंद कोयत्याची. पोरे आहेत कुठे?' कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे येथील शहरी मंडळींसाठी सांगतो. उचल जोडीच्या नावे, मजुरी टनावर. मोळ्या बांधणारी दहा वर्षांची पोर कोणत्याच कागदावर नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली, पण शाळा सुटल्यावर घरच्यांस मदत करण्याची मोकळीक ठेवली. मुकादम तीच पुढे करतो. गावची शाळा शेकडो मैलांवर राहिलेली. ती सुटते केव्हा, हे त्यास विचारावे.

म्हणून चित्राच्या दोन प्रती काढतो. एकीच्या पाठीवर नाव, वय, गाव, इयत्ता, तारीख लिहून ती हंगामातच जवळच्या शाळेत प्रवेशासाठी देतो. वर्तमानपत्रांस देत नाही. मागूनही देत नाही. दुसरी आईकडे. परवा एका बाईने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, 'दादा, हिची पाटीपण घ्या की यात.' उजेड सरत आला होता. तेवढ्यात पाटी आणवून घेतली.